संसद, ग्रामस्वराज्य आणि वर्धा : निर्वाचित संसदेच्या गरजेची चिकित्सा

सारांश

देशाला निर्वाचित संसदेची खरोखरच गरज आहे काय, हा प्रश्न भारतात सर्वाधिक गांभीर्याने विचारला गेला तो गांधीविचाराच्या परंपरेत, आणि त्या परंपरेचे केंद्र दीर्घकाळ वर्धा जिल्ह्यात होते. प्रस्तुत लेखात या परंपरेने केलेली संसदेची टीका, तिने सुचविलेला अप्रत्यक्ष निवडणुकीचा पर्याय, शेजारी देशांत त्या पर्यायाला आलेला अनुभव आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संसदीय पद्धतीचे केलेले समर्थन यांचा विचार केला आहे. ग्रामसभा ही संसदेची जागा घेऊ शकत नाही. मात्र ग्रामसभेविना संसदही पोकळ ठरते, असा निष्कर्ष या विवेचनातून निघतो.

बीजसंज्ञा : संसद, ग्रामस्वराज्य, अप्रत्यक्ष निवडणूक, उत्तरदायित्व, पक्षादेश, ग्रामसभा.

१. प्रस्तावना

संसदेविषयीची नाराजी नवी नाही. गोंधळात वाहून जाणारी अधिवेशने, चर्चेविना मंजूर होणारी विधेयके, निवडणुकीवर होणारा अवाढव्य खर्च आणि निवडून आल्यावर पक्ष बदलणारे प्रतिनिधी यांमुळे सुशिक्षित वर्गात एक प्रश्न वारंवार डोके वर काढतो. तज्ज्ञांची समिती, कार्यक्षम प्रशासन आणि प्रसंगी थेट जनमत यांवर देश चालत असेल, तर निवडून दिलेल्या शेकडो सभासदांचे सभागृह हवेच कशाला? हा प्रश्न उथळ म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु ज्या व्यक्तींच्या त्यागाविषयी व लोकनिष्ठेविषयी शंका घेता येणार नाही, अशांनीही तो विचारला आहे. वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने तर हा प्रश्न परका नव्हेच. सेवाग्राम आणि पवनार या दोन स्थळांशी संसदीय लोकशाहीची एक मूलगामी चिकित्सा जोडलेली आहे. म्हणून या प्रश्नाचा विचार तेथूनच सुरू करणे उचित ठरते.

२. संसदेची गांधीप्रणीत चिकित्सा

१९०९ मध्ये लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकात गांधीजींनी ब्रिटिश पार्लमेंटवर अतिशय कठोर शब्दांत टीका केली. पार्लमेंट स्वतःहून कोणतेही हिताचे काम करीत नाही, ती मंत्रिमंडळाच्या हातातील बाहुले असते आणि तिचे सभासद विवेकापेक्षा पक्षाला बांधलेले असतात, असा तिचा आशय होता. त्या टीकेतील एक शब्द एका इंग्रज स्त्रीने आक्षेप घेतल्यामुळे वगळण्यास ते तयार झाले. मूळ मत मात्र त्यांनी सोडले नाही. तथापि १९२१ मध्ये याच पुस्तकाविषयी लिहिताना त्यांनी एक महत्त्वाचा खुलासा केला. आपला व्यक्तिगत आदर्श त्या पुस्तकातील स्वराज्याचा असला, तरी आपले सार्वजनिक कार्य हिंदी जनतेच्या इच्छेनुसार संसदीय स्वराज्य मिळविण्यासाठीच आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. गांधीजींच्या टीकेचा आधार घेऊन संसद नाकारणाऱ्यांना हा खुलासा नेमका गैरसोयीचा असतो.

१९३४ मध्ये गांधीजी वर्ध्यास आले आणि १९३६ पासून शेगाव, म्हणजे पुढील सेवाग्राम, हे त्यांचे निवासस्थान झाले. यानंतर काँग्रेसच्या कायदेमंडळविषयक धोरणाचे दोन निर्णायक ठराव वर्ध्यातच झाले. ७ जुलै १९३७ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने प्रांतांत मंत्रिपदे स्वीकारण्यास येथे मान्यता दिली. ऑक्टोबर १९३९ मध्ये त्याच मंत्रिमंडळांनी राजीनामे द्यावेत, असे कार्यकारिणीने येथेच ठरविले. दुसऱ्या ठरावाचे कारण विचारात घेण्याजोगे आहे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने भारतीय लोकप्रतिनिधींना न विचारता देशाला महायुद्धात सामील केले होते. निर्वाचित प्रतिनिधींची संमती नसेल तर शासनाच्या निर्णयाला नैतिक बळ राहत नाही, हाच त्या निषेधाचा गाभा होता. संसदेच्या उणिवांवर बोट ठेवणाऱ्या चळवळीनेच संमतीचे हे तत्त्व सर्वोच्च मानले, ही बाब दुर्लक्षून चालत नाही.

पुढे १९४६ मध्ये गांधीजींनी स्वतंत्र भारताच्या रचनेचे चित्र मांडले. तळाच्या भारावर उभ्या असलेल्या मनोऱ्याऐवजी सागरात उठणाऱ्या वर्तुळांप्रमाणे व्यक्ती, गाव आणि त्याभोवती विस्तारत जाणारे समूह, अशी ती कल्पना होती. त्याच वर्षी वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी स्वतंत्र भारतासाठी गांधीवादी राज्यघटनेचा आराखडा पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला आणि गांधीजींनी त्याला प्रस्तावना लिहिली. या आराखड्यात प्रौढ मतदानाने निवडावयाची संस्था म्हणजे ग्रामपंचायत. तिच्यावर तालुका, जिल्हा, प्रांत आणि शेवटी अखिल भारतीय पंचायत, अशी अप्रत्यक्ष निवडणुकीची उतरंड होती. सर्वसाधारण मतदाराचा राष्ट्रीय पंचायतीशी थेट मतसंबंध त्यात नव्हता.

विनोबांनी हा विचार ‘राजनीती’ऐवजी ‘लोकनीती’ या भूमिकेपर्यंत नेला. बहुमताच्या निर्णयापेक्षा सर्वानुमती, पक्षापेक्षा गाव आणि सत्तेपेक्षा सेवा, ही त्यांची त्रिसूत्री म्हणता येईल. पक्षविरहित लोकशाहीचा आग्रह १९५९ मध्ये जयप्रकाश नारायण यांनीही भारतीय राज्यव्यवस्थेच्या पुनर्रचनेविषयीच्या आपल्या प्रबंधातून धरला.

या ठिकाणी इतिहासातील एक विसंगती बोलकी आहे. १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेवर वर्ध्यातून निवडून गेले ते श्रीमन्नारायण अग्रवालच. अप्रत्यक्ष निवडणुकीचा आराखडा लिहिणाऱ्या विचारवंताला वर्ध्याच्या मतदारांनी प्रत्यक्ष मतदानाने दिल्लीस पाठविले. ही व्यक्तिगत विसंगती मानण्याचे कारण नाही. आदर्श आणि उपलब्ध व्यवस्था यांतील अंतर त्या पिढीने कसे स्वीकारले, याचे ते निदर्शक होय.

३. अप्रत्यक्ष निवडणुकीची परीक्षा

अप्रत्यक्ष पद्धतीच्या बाजूने दिला जाणारा मुख्य युक्तिवाद ओळखीचा आहे. गावकरी आपल्या गावातील माणसाला ओळखतो. दूरच्या उमेदवाराला नाही. म्हणून त्याने ओळखीच्या माणसास निवडावे आणि त्या माणसाने पुढील निवड करावी. हा युक्तिवाद आकर्षक असला तरी त्यात एक गणिती धोका दडलेला आहे. प्रत्येक पातळीवर निम्म्यापेक्षा किंचित अधिक मते पुरेशी असतील, तर दोन पातळ्यांच्या रचनेत एकूण मतदारांपैकी पाव हिश्शाहून थोडा अधिक पाठिंबाही वरची सत्ता मिळवून देऊ शकतो. तीन पातळ्या असल्यास हे प्रमाण आठव्या आणि चार पातळ्या असल्यास सोळाव्या हिश्शाच्या आसपास येते. मतदारसंघांतून थेट निवडलेल्या लोकसभेतही पहिल्या प्रकारची विकृती संभवते, हे मान्य केले पाहिजे; परंतु पायऱ्या वाढतील तसा हा दोष दुणावत जातो. शिवाय शेवटच्या पायरीवर मतदार मूठभर उरतात आणि मूठभरांना धाक दाखविणे अथवा विकत घेणे हे लाखोंच्या तुलनेत फार सोपे असते.

हा केवळ तर्क नव्हे. पाकिस्तानात जनरल अयुबखान यांनी १९५९ मध्ये ‘मूलभूत लोकशाही’ या नावाने अशीच रचना उभी केली. देशभरातून निवडलेले ८०,००० स्थानिक सभासद हेच राष्ट्राध्यक्षाचे मतदार झाले. १९६० मध्ये त्यांनी अयुबखानांवर प्रचंड बहुमताने विश्वास व्यक्त केला. १९६५ मध्ये फातिमा जीना यांच्यासारख्या लोकप्रिय प्रतिस्पर्ध्याविरुद्धही अयुबखानच विजयी झाले. स्थानिक प्रशासनाच्या मर्जीवर अवलंबून असलेला हा मतदारवर्ग शासनाला जाब विचारू शकला नाही. अखेर १९६९ मध्ये रस्त्यावरील आंदोलनापुढे अयुबखानांना पायउतार व्हावे लागले आणि सत्ता पुन्हा लष्कराकडेच गेली.

नेपाळमध्ये राजे महेंद्र यांनी डिसेंबर १९६० मध्ये बी. पी. कोइराला यांचे निर्वाचित सरकार बरखास्त केले आणि १९६२ च्या संविधानाने पक्षविरहित पंचायत व्यवस्था आणली. गावापासून राष्ट्रीय पंचायतीपर्यंत चढत जाणारी तिची रचना बाह्यतः गांधीवादी आराखड्याशी मिळतीजुळती होती. योगायोगाने १९६० च्या दशकाच्या मध्यास श्रीमन्नारायण हे नेपाळमध्ये भारताचे राजदूत होते. परंतु साम्य केवळ सांगाड्यापुरते होते. पक्षांवर बंदी असल्याने विरोधाला सनदशीर वाट नव्हती आणि वरची सत्ता राजाच्या हातीच राहिली. १९८० च्या सार्वमतानंतर राष्ट्रीय पंचायतीसाठी थेट मतदान स्वीकारावे लागले आणि १९९० च्या जनआंदोलनाने ती व्यवस्थाच संपुष्टात आणली.

गांधीजींना अशी हुकूमशाही अभिप्रेत नव्हती, हे सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र व्यवस्थेची परीक्षा तिच्या जनकाच्या सद्हेतूने होत नसते. दुष्ट हेतूचा मनुष्य तिचा ताबा घेईल तेव्हा ती त्याला किती अडवू शकते, यावर होत असते.

४. गाव आणि व्यक्ती

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी गावाला राज्यव्यवस्थेचा पाया मानण्यास ठाम नकार दिला. गाव म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे आगर होय, या आशयाच्या त्यांच्या उद्गारांनी सभागृहातील अनेक सभासद दुखावले गेले. मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला घटक मानले याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले. त्याच महिन्यात के. संथानम यांच्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींच्या संघटनेचे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आले. तेच आजचे कलम ४० होय. परंतु ज्याला न्यायालयात दाद मागता येत नाही अशा भागात ते ठेवले गेले.

हा वाद समजून घेण्यास वर्ध्याचेच एक उदाहरण उपयुक्त आहे. १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले झाले. त्या काळात ही घटना असामान्य धैर्याची होती. तरीही ती मंदिराच्या विश्वस्तांच्या औदार्यावर अवलंबून होती; शेजारच्या गावातील मंदिराला ती बांधून घेऊ शकत नव्हती. अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे कलम १७ आणि संसदेने १९५५ मध्ये केलेला अस्पृश्यता (गुन्हे) कायदा यांनी त्या औदार्याचे रूपांतर हक्कात केले. गावाची सर्वानुमती जेथे दुर्बलाच्या विरोधात जाते, तेथे गावाबाहेरील आणि गावापेक्षा मोठी अशी कायदे करणारी संस्था हाच त्याचा आधार ठरतो. ती संस्था दुर्बलाच्याही मताने निवडलेली असणे, हे तिच्या आधाराला विश्वसनीयता देते.

ग्रामपंचायतीत स्त्रियांना किमान एक तृतीयांश आणि अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या, त्याही ग्रामसभांच्या ठरावांमुळे नव्हे. संसदेने १९९२ मध्ये संमत केलेल्या आणि २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीमुळे मिळाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०११ मध्ये स्त्रियांचे हे प्रमाण निम्म्यावर नेले.

५. दैनंदिन आणि नियतकालिक हिशेब

संसदेचे कार्य केवळ कायदे करणे हे नव्हे. उपरोक्त भाषणातच डॉ. आंबेडकरांनी शासनाच्या उत्तरदायित्वाचे दोन प्रकार सांगितले. एक दैनंदिन : प्रश्न, ठराव, अविश्वास व स्थगन प्रस्ताव आणि चर्चा यांतून प्रतिनिधी शासनाचा रोजचा हिशेब घेतात. दुसरा नियतकालिक : निवडणुकीत मतदार तो घेतात. स्थैर्य आणि उत्तरदायित्व यांपैकी उत्तरदायित्वास मसुद्याने अधिक महत्त्व दिले, असे त्यांचे प्रतिपादन होते. तज्ज्ञांचे शासन कार्यक्षम असू शकते. पण त्यात या दोहोंपैकी एकही हिशेब नसतो.

नियतकालिक हिशेबाचे मोल वर्ध्याच्या मतदाराने चांगले ओळखले आहे. १९९१ मध्ये केंद्रीय मंत्रिपद भूषविलेले वसंत साठे यांचा पराभव करून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे येथून निवडून आले. १९९१ ते २०२४ या काळात झालेल्या ९ लोकसभा निवडणुकांपैकी ७ वेळा वर्ध्याची जागा आधीच्या पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेली. या बदलांत कोणाचे रक्त सांडले नाही. सत्ता शांततेने काढून घेता येणे ही सामान्य गोष्ट वाटते. ती किती दुर्मीळ आहे, हे वर उल्लेखिलेल्या शेजारी देशांच्या इतिहासावरून दिसते.

निर्वाचित सभागृह नसताना काय होते, याचा अनुभव जिल्ह्याला अलीकडेच आला. २०१७ मध्ये निवडल्या गेलेल्या वर्धा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे राज्यातील अनेक जिल्हा परिषदांप्रमाणे येथेही निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तोवर तीन वर्षे उलटली होती. या काळात शाळा, दवाखाने आणि रस्ते यांची कामे थांबली नसतीलही. अंदाजपत्रकही मंजूर झाले. परंतु ते मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच होता. स्थायी समिती नव्हती, सर्वसाधारण सभा नव्हती आणि गटातील मतदाराच्या वतीने उभे राहून प्रश्न विचारणारा सभासद नव्हता. जे जिल्ह्याच्या पातळीवर जाणवते, ते देशाच्या पातळीवर किती गंभीर होईल, याची कल्पना करणे कठीण नाही.

६. अन्य पर्याय

थेट सार्वमत हा दुसरा पर्याय सुचविला जातो. स्वित्झर्लंडमध्ये तो दीर्घकाळ रुजलेला आहे. पण तेथेही संसद आहेच. सार्वमतात प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देता येते. अंदाजपत्रकातील शेकडो मागण्यांचा परस्परांशी मेळ घालणे, विधेयकातील कलमात दुरुस्ती सुचविणे अथवा दोन विरोधी हितसंबंधांत तडजोड घडविणे, ही कामे सार्वमताने होत नाहीत. शिवाय प्रश्न कोणी आणि कोणत्या शब्दांत विचारावा, ही सत्ता सरकारच्या हातीच राहिली, तर सार्वमत हे सरकारच्या समर्थनाचे साधन बनते.

चिठ्ठी टाकून प्रतिनिधी निवडण्याची कल्पनाही पुन्हा चर्चेत आहे. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील दहाव्या शतकातील चोळकालीन शिलालेखात घागरीतून चिठ्ठी काढून समितीचे सभासद नेमण्याची पद्धत नोंदविली आहे. तथापि त्या चिठ्ठीत नाव येण्यासाठी जमीन व विद्येची अट होती. सर्व गावकरी तिच्या कक्षेत नव्हते. आयर्लंडमध्ये २०१६ पासून भरलेल्या, चिठ्ठीने निवडलेल्या नागरिकांच्या सभेने गर्भपातासारख्या नाजूक प्रश्नावर शिफारशी केल्या. मात्र त्यांचा विचार संसदेने केला आणि अंतिम निर्णय २०१८ च्या सार्वमताने झाला. असे उपाय संसदेला साहाय्यक ठरू शकतात. चिठ्ठीने आलेला सभासद पुन्हा मतदारांसमोर जाणार नसल्याने त्याच्याकडून हिशेब मागता येत नाही, ही त्याची मर्यादा होय.

७. संसदेचे दुखणे

याचा अर्थ संसदेविषयीची टीका निराधार आहे असा नव्हे. सभासद पक्षाला बांधलेला असतो, हा गांधीजींचा आक्षेप आज अधिकच लागू पडतो. त्याची पूर्वसूचना वर्ध्यातच मिळाली होती. जुलै १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांनी श्रेष्ठींना न विचारता मंत्रिमंडळाची पुनर्रचना केली. त्यांना वर्ध्यास पाचारण करण्यात आले, राजीनामा द्यावा लागला आणि रविशंकर शुक्ल नेतेपदी आले. त्या प्रकरणातील योग्यायोग्यता बाजूला ठेवली तरी विधिमंडळाच्या नेत्याचे भवितव्य विधिमंडळाबाहेर ठरते, हा पायंडा तेथे पडला.

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट जोडून पक्षांतराला आळा घालण्याचा प्रयत्न केला. परंतु पक्षादेश मोडणाऱ्या सभासदाचे सभासदत्व जाऊ शकते, या तरतुदीमुळे प्रामाणिक मतभेदही गुन्ह्यासमान झाला. दुसरीकडे गटागटाने होणारी पक्षांतरे थांबली नाहीत. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या होत्या. सतराव्या लोकसभेच्या (२०१९–२०२४) बैठका २७४ वर आल्या आणि संपूर्ण मुदतीत उपाध्यक्षाची निवडही झाली नाही. २०२० मध्ये तीन कृषी विधेयके संसदीय समितीकडे न पाठविता संमत झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती रद्द करणारे विधेयकही चर्चेविनाच संमत झाले. मार्च २०२३ मध्ये लोकसभेने खर्चाच्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या. कापूस आणि सोयाबीनवर ज्याचे वर्ष अवलंबून आहे, अशा वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने या घटनांचा अर्थ सरळ आहे : त्याच्याविषयीचा कायदा आला तेव्हाही पुरेशी चर्चा झाली नाही आणि गेला तेव्हाही नाही.

येथे युक्तिवादाची दिशा नीट पाहिली पाहिजे. या सर्व तक्रारी संसद पुरेशी संसद राहिली नाही, अशा आहेत. बैठका कमी झाल्या ही तक्रार करणारा बैठका हव्यात असेच म्हणत असतो. दुखण्यावरून शरीर निरुपयोगी ठरविण्याचा तर्क येथे लागू होत नाही.

८. ग्रामसभा आणि संसद

गांधीविचाराचा आग्रह मग व्यर्थ ठरतो काय? गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाचा अनुभव याचे उत्तर देतो. गोंड आदिवासींच्या या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा आणि विषय समजून घेणारे अभ्यासगट यांची परंपरा अनेक वर्षे जोपासली. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाले. विनोबांना अभिप्रेत असलेल्या लोकनीतीचे हे जिवंत उदाहरण होय. परंतु हे हक्क ज्या वनहक्क कायद्याने मिळाले, तो संसदेने २००६ मध्ये केला होता. आणि अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा कायदाही संसदेचाच होता. त्याच वेळी हेही खरे की, जागृत ग्रामसभा नसलेल्या असंख्य गावांत हे कायदे कागदावरच राहिले. संसदेने दार उघडले. आत जाण्याचे बळ ग्रामसभेने दिले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, गांधीप्रणीत परंपरेची संसदेवरील टीका ही लोकसंमती नाकारणारी नसून ती अधिक खोल व्हावी असा आग्रह धरणारी आहे. दुसरी, अप्रत्यक्ष निवडणुकीची उतरंड सत्ता तळाशी नेण्याऐवजी मूठभरांच्या हाती देण्याचा धोका निर्माण करते. तिसरी, गावातील दुर्बल व्यक्तीच्या हक्काला गावाबाहेरचा, तिच्याही मताने उभा राहिलेला आधार आवश्यक असतो. चौथी, प्रशासक अथवा तज्ज्ञ यांच्या कारभारात काम होऊ शकते, हिशेब होत नाही.

म्हणून देशाला निर्वाचित संसदेची गरज आहे. मात्र ती केवळ असणे पुरेसे नाही. वर्षाकाठी बैठकांची किमान संख्या निश्चित करणे, महत्त्वाची विधेयके समितीकडे पाठविणे बंधनकारक करणे, पक्षादेशाची सक्ती विश्वासदर्शक व अर्थविषयक मतदानापुरती मर्यादित ठेवणे आणि स्थानिक संस्थांच्या निवडणुका वेळेवर घेणे, हे उपाय त्या दिशेने विचारात घेण्यासारखे आहेत. गांधीजींनी पार्लमेंटला बाहुले म्हटले होते. ते बाहुले फेकून दिल्याने त्याला नाचविणारा हात नाहीसा होत नाही; उलट तो अदृश्य होतो. त्या हाताला सर्वांसमक्ष प्रश्न विचारता येईल, असे सभागृह जिवंत ठेवणे हेच नागरिकाच्या हिताचे आहे.